हाताला विचारायचं नाय!

आमच्याकडं पाहुणे जेवायला बसले की बायको मला डोळ्यानंच दटावते. "तालमीचं काढू नका हो, भात निवतो!" तिचं खरं हाय. एक किस्सा काढला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागं तिसरा, आणि पाहुण्यांचा हात ताटातच वाळतो.

मागं नातू आला होता. कॉलेजात मेंदूचा अभ्यास करतो. मला म्हणाला, "आजोबा, मेंदू हाताला कसं शिकवतो ते लई इंटरेस्टिंग असतं." मी म्हणालो, "बाबा रे, आमच्या वस्तादांना मेंदू हा शब्दच ठाऊक नव्हता. ते मुंडी म्हणायचे. आणि मुंडी दाराबाहेर चपलांपाशी काढून आत यायचं, असा आमच्या तालमीचा नियम होता!"

निजामाच्या राज्यातली गोष्ट. औरंगपुऱ्यात एका जुन्या सराईच्या अंगणात शेख चांद वस्तादांची तालीम होती. कुस्तीची नाय, फरी-गदग्याची. डाव्या हातात फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल, उजव्यात गदगा म्हणजे चामडं गुंडाळलेली काठी. वस्तादांचं वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटकुळे, पण गदगा फिरला की दिसायचा नाय, नुसता वारा लागायचा.

आम्ही तिघं त्यांचे लाडके. मी विनायक, कापडदुकानदाराचा पोरगा. दामू, कचेरीत कारकून, उर्दू अक्षर मोत्यासारखं. आणि गणपत, पाचोडचा शेतकरी गडी, शहरात मामाकडं राहायचा. शिवाय वस्तादांची बायको, आमची चाची. ती गदगा खेळत नव्हती. तिला गरजच नव्हती.

हे सगळे किस्से एकाच सालातले. त्या साली जागामालकानं निरोप धाडला, दिवाळीनंतर अंगण खाली करा, कापसाचं गोदाम करायचंय. नवी जागा घ्यावी तर तालमीला सरकारी परवाना पाहिजे, आणि त्या दिवसांत नव्या तालमीला परवाना कोण देतो! एकच रस्ता उरला होता. सरकारी शाळेत ड्रिल मास्तरची जागा निघाली होती, काठी-गदगा शिकवायची. पण अट अशी, की हैदराबादहून साहेब येणार आणि उमेदवारानं आपला हुन्नर त्यांना तोंडानं समजावून सांगायचा.

इथंच घोडं अडलं. वस्तादांच्या हातात सगळं होतं, तोंडात काही नव्हतं. नोकरी नाय मिळाली तर गाठोडं बांधून गुलबर्ग्याला लेक-जावयाकडं जायचं ठरलं होतं. वस्ताद म्हणायचे, "बेटी के घर का पानी बी मेरे गले से उतरता नहीं रे." म्हणजे पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, की माणूस काठावर उभा होता.

*

पहिले दोन महिने वस्ताद गदगा हातात देत नसत. नुसते पाय. चुन्यानं आखलेल्या चौकटीत चार पावलं: पुढं, तिरकं, मागं, परत तिरकं.

मी कंटाळून विचारलं, "वस्ताद, पायाला पाठ झालं हे कळणार कसं?"

"तेरेकू नहीं समझेगा. दूसरों को समझेगा."

एक दिवस दुकानात छावणीतल्या एक बाई आल्या. खणाचं कापड पाहिजे होतं. मी ठाण घेऊन पुढं झालो, दाखवलं, तिरका सरकलो, मागं झालो, दुसरं ठाण घेऊन पुन्हा पुढं. मी पुढं आलो की बाई एक पाऊल मागं! पाचव्या ठाणाला बाई दुकानाच्या पायरीखाली रस्त्यावर उभ्या.

वडील गादीवरून ओरडले, "अरे विन्या, गिऱ्हाईक हाय ते, दुश्मन नाय!"

संध्याकाळी मी वस्तादांना घडलं ते सांगितलं. ते मान डोलवत म्हणाले, "बाप को समझा ना? बस. कल से गदगा."

*

दामूचं सगळं वहीत. वस्तादांनी एक हात, म्हणजे डाव, दाखवला की हा कोपऱ्यात बसून लिहून काढायचा. कलम एक, उजवा पाय पुढं. कलम दोन, मनगट आत. कलम तीन, नजर समोरच्याच्या खांद्यावर. अशी नऊ कलमं! वर लाल शाईनं समास. मराठीत एक प्रत, उर्दूत एक. विचारा काय बी, घडाघडा म्हणून दाखवायचा. वस्तादांना पण एवढं माहीत नव्हतं.

मग एक दिवस वस्तादांनी त्याला गणपतसमोर उभा केला. गणपतनं गदगा उचलला आणि दामूच्या खांद्यावर सटकन बसवला. दामू कळवळला, पण चिडला त्याहून जास्त.

"अरे थांब की! मी अजून तिसऱ्या कलमावर हाय!"

आम्ही हसून लोळलो. वस्ताद मात्र गंभीर चेहऱ्यानं गणपतकडं वळले. "गलती तेरी है गणपत. वो पन्ना पलटे तक ठहरना था."

*

गणपतचं उलटं. त्याला मोजून शिकवलं की तो बिघडायचा. एक-दोन-तीन म्हटलं की तिन्ही एकदम! सहा महिने झाले, खालून वर जाणारा वार काही त्याला जमेना. वस्ताद टेकीला आले.

एकदा सहज त्यांनी विचारलं, "खेत में क्या करता रे तू?"

"काय करणार? माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतो. पाखरं लई माजलीत."

"गोफण फिरव."

"इथं? पाखरू कुठंय?"

"तू फिरव तो."

गणपतनं रिकाम्या हातानं गोफण फिरवली आणि वस्तादांनी फिरत्या हातात अलगद गदगा सरकवला. झालं! तोच वार, तोच वेग, एका दुपारीत. पण एक भानगड झाली. वाराबरोबर गणपतच्या तोंडातून आपोआप आरोळी निघाली, "हुर्रर्र्या!" पाखरं उडवतात तशी. वस्तादांनी आरोळी बंद करायला लावली तर वार पण बंद! पुन्हा आरोळी, पुन्हा वार. शेवटी वस्तादांनी हात टेकले. "रहने दो. दोनों एकीच थैली में हैं."

दसऱ्याला दुसऱ्या मोहल्ल्यातले वस्ताद आमचे हात बघायला आले. गणपतनं वार केला, "हुर्रर्र्या!" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "चांदभाई, ये कौनसा मंतर है?"

आमचे वस्ताद डोळे मिटून म्हणाले, "बहुत पुराना है."

महिन्याभरानं मी त्या मोहल्ल्यातून जात होतो. त्यांच्या तालमीतून वीस पोरांचा आवाज येत होता. "हुर्रर्र्या! हुर्रर्र्या!" मी तिथंच भिंतीला टेकून हसलो.

*

आमच्या तालमीचा पोरगा गावात कुठंही उभा असला तरी ओळखू यायचा. डावी टाच उचललेली! छावणीच्या बाजारात उधळलेल्या घोड्यापुढून मी उडी मारून बाजूला झालो, तर टांगेवाला लगाम खेचत म्हणाला, "चांद वस्ताद के हो ना?" मला काय तो अभिमान! आम्हाला वाटायचं, ही आमच्या घराण्याची खास खूण. दामूनं तर वहीत अख्खं पान लिहिलं होतं, टाच उचलल्यानं वेग कसा वाढतो त्यावर.

मग वस्तादांनी हकिमाकडं जाऊन डाव्या टाचेचं कुरूप काढून घेतलं. बारा वर्षं सलत होतं म्हणे, टाच टेकवतच नव्हती. आठ दिवसांनी पट्टी सोडून अंगणात आले, आमच्याकडं बघितलं आणि भडकले.

"ये क्या लंगड्यों की बारात है? टाच नीचे! ऐसा उलटा किसने सिखाया रे तुमको?"

सांगणार कोण? आतून भाकरी थापता थापता चाचीचा आवाज आला.

"आईना लाऊं क्या जी?"

*

एक रोखायचा हात मला पंधरा दिवस जमत नव्हता. जेवढं घासायचो तेवढं बिघडत होतं. फरी वर न्यायची तर खाली, खाली न्यायची तर कानावर. वस्ताद एकाएकी म्हणाले, "जा. तीन दिन मुंह मत दिखा."

मला वाटलं, हाकललं! आधीच तालीम बंद होणार, त्यात आपल्याला आधी नारळ. तीन दिवस मी दुकानात तोंड पाडून बसलो, दुपारी ठाणांवर डोकं टेकून झोपलो, गदग्याला हात लावला नाय.

चौथ्या दिवशी भीत भीत गेलो. गणपतनं वार केला आणि फरी आपसूक जागेवर! पुन्हा केला, पुन्हा जागेवर! मी वेड्यासारखा विचारत सुटलो, "हे कसं झालं? हे कुणी केलं?"

वस्ताद म्हणाले, "तू नहीं था ना, हाथ को काम करने को मिला."

*

दामूच्या मुंडीवर मात्र हा इलाज चालेना. तीन दिवस सुट्टी दिली तर पठ्ठ्यानं आणखी चार कलमं लिहून आणली. मग वस्तादांनी त्याला विचारलं, "पाढे आते क्या?"

"तीसपर्यंत येतात."

"बोल. जोर से. बोलते बोलते खेल."

दामूनं सुरू केलं. "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस…" आणि काय सांगू, हात असा चालायला लागला की आम्ही बघतच राहिलो! मुंडी पाढ्यात अडकली, हाताला कुणी विचारणारं राहिलं नाय. "एकोणीस त्रिक सत्तावन्न," गणपतच्या मनगटावर एक. "एकोणीस चोक शहात्तर," खांद्यावर एक! गणपत रोज मार खाऊन जायचा. आठवडाभर दामूची छाती फुगलेली.

पण गणपतला गोफण कळते तसं माणूस पण कळायचं. त्याला स्वतःला पाढे येत नव्हते, पण दामूची जीभ कुठं अडखळते ते त्यानं बरोबर हेरलं होतं.

सोमवारी दोघं समोरासमोर आले. गणपतनं नम्रपणे हात जोडले. "दामूशेठ, आज एकोणतीसचा होऊन जाऊ द्या की!"

*

दिवाळी तोंडावर आली. साहेबांची तारीख कळली. आता वस्तादांना तोंडानं बोलायला शिकवायचं काम दामूनं अंगावर घेतलं. उलटी तालीम! दामू मोड्यावर बसलेला आणि वस्ताद पुढ्यात उभे.

"वस्ताद, पहिला वार करताना आधी काय हलतं? पाय की कंबर?"

वस्ताद हसले. "हलता है कुछ तो बी."

"असं चालणार नाय. साहेब विचारतील."

वस्तादांनी वार केला, खाली बघितलं. पुन्हा केला, पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा पाय उचलला आणि तसाच धरला. कपाळाला आठ्या. "ठहर… पहले ये… नहीं. नहीं, ये."

त्या संध्याकाळी वस्ताद गणपतसमोर उभे राहिले आणि गणपतचा गदगा वस्तादांच्या मनगटावर बसला. आजवर हे घडलं नव्हतं. गणपतनं गदगा टाकला आणि तो एवढा धिप्पाड गडी हमसून हमसून रडायला लागला. "मी मारला नाय हो! मला वाटलं, तुम्ही असणारच नाय तिथं!"

वस्ताद मनगट चोळत नुसते बसले. म्हणाले, "ये कारकुन ने मेरे हाथ को सवाल पूछ लिया रे." चार दिवस तेच. गदगा उचलला की खाली पायाकडं नजर. हकीम झाला, ताईत झाला. मला सांगायला लाज नाय वाटत, मी पण दुकानाच्या मागं जाऊन रडलो. दामूला तर तोंड दाखवायला जागा नव्हती. "उत्तरं वहीत तयार हायत, तेवढी पाठ करा," एवढंच तो म्हणत राहिला.

पाचव्या दिवशी, म्हणजे साहेबांच्या आदल्या दिवशी, चाचीनं अंगणात खाटेवर उन्हाळ्यातल्या उरलेल्या कुरडया पुन्हा उन्हाला घातल्या होत्या. वस्ताद गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेले. तेवढ्यात शेजारची बकरी आत घुसली आणि सरळ कुरडयांवर!

"अजी! कुरडयां!"

वस्ताद कधी उठले, हातात काठी कधी आली, कुणी बघितलं नाय. गर्रकन फिरले, काठी बकरीच्या कानाजवळून वारा घालत गेली, बकरी उभ्या जागी वळली आणि दाराबाहेर! केसालाही धक्का नाय. तोच वार! तोच पाय!

वस्ताद काठीकडं बघत उभे राहिले. डोळे भरून आले होते. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं, दाराला तर कडी होती.

"बकरी अंदर किसने छोडी?"

चाची कुरडया गोळा करत म्हणाली, "जिसने सुबह दामू की वही चूल्हे में डाली."

*

दुसऱ्या दिवशी वस्ताद साहेबांपुढं गेले ते हात मोकळा आणि तोंड रिकामं घेऊन. चाचीनं शेरवानी इस्त्री करून दिलेली. शाळेच्या दालनात साहेब बसले होते. बारीक अंगाचे, चष्मा, रूमी टोपी, शुद्ध हैदराबादी जबान, मधूनमधून मराठी. आम्ही तिघं बाहेरून खिडकीला चिकटलेले. दामू ओठ चावत होता, गणपत कुठल्या तरी देवाचं नाव घेत होता.

साहेब म्हणाले, "पहिला वार कसा करायचा, बयान कीजिए."

वस्ताद गप्प.

"किती हालचाली असतात त्यात?"

वस्ताद म्हणाले, "करके दिखाऊं?"

दाखवला. साहेबांना फक्त वारा लागला. टोपी सावरत म्हणाले, "नजर नाही आलं. आहिस्ता दिखाइए."

आहिस्ता! हा वार वस्तादांनी जन्मात कधी हळू केला नव्हता. पाय अर्ध्यात अडला, कंबर भलतीकडं गेली, एका पायावर डुलत राहिले आणि हातातून गदगा निसटून फरशीवर खडखडत साहेबांच्या टेबलाखाली गेला. मी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी कागदावर काही लिहिलं. आवाजात राग नव्हता, पण धार होती. "उस्ताद, तुम्हाला सांगता येत नाही. हळू दाखवता येत नाही. मग चाळीस मुलांना शिकवणार कसं?"

वस्ताद टेबलाखाली वाकले, गदगा उचलला, कपाळाला लावला. आणि सरळ उभे राहून म्हणाले, "साब, आपकू चलना किसने सिखाया?"

साहेब थबकले. "हमारी वालिदा ने."

"कैसा सिखाया, पूछ के आव ना जी. वो बता सके तो मैं बी बताता."

खिडकीबाहेर दामूनं कपाळावर हात मारला. "संपलं! नोकरी तर गेलीच, वर साहेबाची आई काढली!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आप जा सकते हैं."

त्यानंतर दीड महिना काही नाय. दिवाळी झाली. अंगणात कापसाच्या गाठी येऊन पडायला लागल्या. चाचीनं भांडी पोत्यात बांधली. वस्ताद रोज सकाळी गाठींमधली उरलेली जागा झाडायचे, चुन्याची चौकट परत आखायचे आणि तिच्याकडं बघत बसायचे. आम्ही जायचो, चौकटीच्या कडेला बसायचो. गुलबर्ग्याच्या गाडीचा वार पण ठरला होता.

त्याच्या आदल्या दिवशी दामू कचेरीतून धावत आला. अनवाणी! टोपी हातात, दुसऱ्या हातात सरकारी लखोटा. वस्तादांना वाचता येत नव्हतं. "तूच पढ," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. चाची हातातलं पोतं तसंच धरून दारात आली.

दामू कापसाच्या गाठीवर चढला. लखोटा फोडला. वरचं सगळं छापील, नाव, गाव, जागा. खाली शेऱ्याच्या जागी साहेबांच्या हातच्या तीन ओळी होत्या. दामूनं त्या मनात वाचल्या. परत वाचल्या. मग मोठ्यानं वाचायला लागला.

"वालिदा साहिबा से दरयाफ्त किया गया…"

गणपत खालून ओरडला, "अरे मराठीत सांग की लेका!"

दामूनं डोळे पुसले.

"आईसाहेबांकडं चौकशी केली. त्यांनाही सांगता आलं नाही. नेमणूक मंजूर."